पापण्या मोजता आल्या पाहिजेत

माझ्या बरोबरीच्या मुली भातुकलीची बोळकी मांडत होत्या तेव्हा भिंग आणि घासलेली काच यांच्यातलं अंतर वाढवलं की काय होतं हे मला ठाऊक होतं. हे सांगितलं की लोक कौतुकाने बघतात. तरुणपणी मी ते कौतुक गोड मानून घेत असे. आता घेववत नाही, म्हणून एकदाचं सगळं लिहून टाकते.

घाटकोपर स्टेशनाबाहेर पडून डोंगराच्या अंगाला चालायला लागलं की पिठाच्या गिरणीपलीकडे आमचा स्टुडिओ होता. पुढे स्टुडिओ, मधे जाड हिरवा पडदा, आणि पडद्यामागच्या दीड खोलीत आमचं बिऱ्हाड: अण्णा, आई आणि मी. मोरीचा अर्धा भाग अण्णांनी फोटोच्या काचेच्या प्लेटा धुवायला अडवला होता, त्यामुळे घरात हायपोचा, म्हणजे फोटो पक्का करायच्या औषधाचा, आंबूस वास कायम असे. त्या वासाने लोणचं नासतं असा आईचा ठाम समज होता, म्हणून आमची लोणच्याची बरणी शेजारच्या घरी असायची आणि जेवायच्या वेळी मी वाटी घेऊन तिकडे जायची. लोणचं नासलेलं मी कधी पाहिलं नाही, पण शेजारीण त्यातलं खात असावी एवढं मात्र पाहिलं. सकाळी गिरणीचा पट्टा सुरू झाला की आमची भिंत बारीक थरथरायची. दुपारी बाराच्या सुमाराला डोंगरातल्या खाणीत सुरुंग लावत. आधी शिट्टी, मग ते धडाधड आवाज. बाटल्यांतली औषधं हिंदकळत, फळीवरचे पेले एकमेकांना लागत, आणि आमटी ढवळता ढवळता आई म्हणायची, झाले बारा, पाटावर बसा. घरात घड्याळ होतं, पण ते कुणी बघत नसे.

अण्णा मुळात घुमे. आईशीसुद्धा दिवसातून चार वाक्यं बोलत असतील तर असतील, आणि त्यातली दोन मिठाबद्दल. पण कॅमेऱ्याविषयी ते माझ्याशी बोलत. सागवानी पेटी, पितळी पट्ट्या, लाकडी तिपाई आणि पुढे-मागे होणारा काळा भाता. भाता कशासाठी, असं ते विचारत. आत उजेड शिरू नये आणि तरी भिंग पुढे-मागे करता यावं म्हणून, असं मी घोकलेलं उत्तर देई. भिंगाच्या पोटात पत्र्याच्या पातळ पाकळ्या होत्या, आणि बाहेरचं कडं फिरवलं की मधलं भोक लहान-मोठं व्हायचं. पुस्तकात त्याला ॲपर्चर म्हटलेलं असे, अण्णा छिद्र म्हणत. छिद्र मोठं ठेवलं तर उजेड भरपूर, पण मग एकाच अंतरावरचं स्पष्ट येणार आणि त्याच्या पुढचं-मागचं पुसट. लहान ठेवलं तर सगळंच स्पष्ट, पण गिऱ्हाइकाने तितका जास्त वेळ पुतळ्यासारखं बसायचं. दोन्ही हातांत लाडू मिळत नाहीत, हे अण्णांचं यावरचं भाष्य. आमच्या कॅमेऱ्याला शटर नव्हतं. भिंगावर कातडी टोपी असायची, ती काढायची, मनात आकडे म्हणायचे आणि परत घालायची. एकदा मी ती उलट्या हाताने घातली तर अण्णांनी माझ्याकडून पन्नास वेळा काढून-घालून घेतली. शिकवताना ते दयामाया दाखवत नसत.

पेटीच्या पाठीमागे घासलेली काच होती. डोक्यावरून काळं कापड घेतलं की त्या दुधी काचेवर समोरचं माणूस दिसे, पण उलटं, पाय वर आणि डोकं खाली. पहिल्यांदा मी हसले. अण्णा म्हणाले, उलटं आहे हे विसरून जायला शीक, गिऱ्हाईक सरळच बसलंय. मग बाजूची पितळी किल्ली हळूहळू फिरवायची. किल्लीबरोबर भाता लांबतो, आखडतो, आणि धुक्यातून यावं तसं तोंड काचेवर येतं. कुठे थांबायचं याची अण्णांची खूण ठरलेली होती. कपडे बघू नको, दागिने बघू नको, नाकसुद्धा बघू नको. डोळ्याच्या पापण्या बघ. ‘पापण्या मोजता आल्या पाहिजेत,’ ते म्हणत. ‘त्या मोजता आल्या की माणूस सापडलं.’ मग टोपी घालून, घासलेली काच बाजूला करून तिथे प्लेटची स्लाइड, म्हणजे प्लेट ठेवलेली बंद चौकट, बसवायची, स्लाइडचा पत्रा वर ओढायचा, टोपी काढायची. पत्रा ओढल्यानंतर काही दिसत नाही. जे काय बघायचं ते त्याच्या आधी.

मुलीच्या जातीला हे कशाला शिकवता, असं गिऱ्हाइकं विचारत. अण्णा म्हणत, मला मुलगा नाही. हे खरं होतं, पण कारण ते नव्हतं, हे मला एका सकाळी कळलं. एक लग्न ठरलेले गृहस्थ फोटोसाठी आले होते. खुर्चीवर बसले, आणि मग भांग बघायला उठून आरशाकडे गेले. अण्णा कापडाखालून बाहेर आले, खुर्चीकडे तोंड करून म्हणाले, ‘हनुवटी जरा वर. छान. आता हलायचं नाही.’ खुर्चीवर कुणी नव्हतं. गृहस्थ आरशाशी गुणगुणत होते, त्यांनी ऐकलं नाही. मी पडद्याजवळ उभी होते. अण्णांचा हात टोपीकडे गेला होता. मी पुढे होऊन म्हटलं, अण्णा, ते केस नीट करतायत. अण्णांनी हात खाली घेतला आणि सावकाश म्हणाले, तू आत जाऊन बघ बरं एकदा कापडाखाली. त्या दिवसापासून कापडाखाली मीच जाऊ लागले.

आईला हे माझ्या आधीपासून माहीत होतं. परळला मोठ्या डॉक्टरांना दाखवून झालं होतं, त्यांनी डोळ्यांमागची नस सुकत चालली आहे आणि यावर औषध नाही असं सांगितलं होतं. घरात याविषयी शब्द निघत नसे. आई ताटात चटणी नेहमी डाव्या हाताला आणि भात मधोमध वाढायची. पाण्याचा तांब्या, चपला, दारामागची छत्री, काही म्हणून जागचं हलू द्यायची नाही. मी हलवलं की पाठीत धपाटा. अण्णा अंतर पावलांनी मोजत, कॅमेरा अंदाजाने लावत, गिऱ्हाइकाशी बोलत, टोपी काढत, आकडे म्हणत. बघायचं तेवढं काम माझं. ‘पापण्या?’ ते मोठ्याने विचारत, पोरीची परीक्षा घेतोय अशा थाटात. मी हो म्हणायची. मग ते पत्रा ओढत. माझ्या एका ‘हो’वर आमच्या घराची चूल पेटत होती हे मला कुणी सांगितलं नव्हतं, पण कळत होतं. तेराव्या वर्षी सगळं कळतं.

तारा माझ्याच वयाची. मागच्या बैठ्या चाळीत राहायची. तिचे वडील मालवणकडचे, कापडाच्या गिरणीत कामाला. आम्ही एका वर्गात होतो आणि शाळेतून येताना ती रोज स्टुडिओत डोकवायची. कॅमेऱ्याची नावं तिने माझ्यापेक्षा लवकर पाठ केली, याचा मला राग यायचा. एकदा अण्णा जेवत असताना मी तिला कापडाखाली घेतलं. खुर्चीमागच्या पडद्यावर रंगवलेलं तळं आणि कठडा उलटा बघून ती इतकी हसली की कापड ओढून बाहेर आली. ‘अगं कुसू, सगळं पाणी सांडलं बघ,’ ती म्हणाली. तिला आपला एक फोटो हवा होता. रोज विचारायची आणि रोज सांगायची की आई काढू देणार नाही. तिच्या आईला, काकींना, फोटोची धास्ती होती. ताराच्या आधीचा मुलगा होता, त्याचा गावच्या जत्रेत फोटो काढला आणि महिन्याभरात तो गेला. लहान पोराची छबी काढली की आयुष्य आटतं, अशी त्यांची पक्की समजूत झाली होती. एरवी काकी फार मायेच्या. घावणे केले की एक पुडकं माझ्यासाठी यायचंच, नारळाच्या रसात बुडवून खायचे. पण फोटोचं नाव काढलं की त्या उठून आत जात.

पावसाळा संपता संपता ताराला ताप आला. टायफॉइड निघाला. तीन आठवडे ती अंथरुणाला होती, आणि मला तिच्याकडे जाऊ दिलं नाही. एका सकाळी मी भांडी विसळत असताना चाळीतून रडण्याचा आवाज आला. आई हातातलं टाकून दारात गेली आणि तिथेच उभी राहिली. थोड्या वेळाने ताराचे वडील स्वतः आले. पायांत चपला नव्हत्या. अण्णांना म्हणाले, ‘मास्तर, पोराचो एकय फोटो नाय. तिची आई आता म्हणता, एक तरी काढा.’ त्या काळी हे रीतीचंच होतं. हयातीत फोटो न काढलेलं माणूस गेलं की नेण्याआधी एक फोटो काढून घेत, तेराव्याला हार घालायला. अण्णांनी असे किती तरी काढले होते, पण माझी नजर घेऊन त्यांनी असा फोटो कधी काढला नव्हता.

आईने मला आत ओढलं आणि अण्णांना हळू आवाजात सांगितलं की पोरीला तिथे नेऊ नका. अण्णा एवढंच म्हणाले की ती नसेल तर मलाही जाता येणार नाही, आणि नाही म्हटलं तर का नाही हे सांगावं लागेल. आई तोंडाला पदर लावून बसली. मी तिपाई खांद्यावर घेतली. मला कुणी ये म्हटलं नव्हतं, मीच उचलली, हेही खरं.

खोलीत उजेड नव्हता म्हणून अण्णांनी ताराला दाराशी आणायला सांगितलं आणि कॅमेरा बाहेर अंगणात लावला. बाराच्या आत उरकू, नाहीतर सुरुंग लागतील, असं ते म्हणाले. मी पूर्ण वेळ जमिनीकडे बघत होते. मला तिपाईचे तीन पाय दिसत होते आणि दाराच्या उंबऱ्यावरचा तुटलेला कोपरा. बायकांचं बोलणं ऐकू येत होतं. तिला गुंडाळलेल्या वळकटीला टेकवून बसवलं, काकी शेजारी बसून तिला एका हाताने धरून होत्या. डोक्यात अबोलीचा वळेसर घातला. हनुवटीला बांधलेली पट्टी फोटोपुरती सोडा असं कुणीतरी म्हणालं, मग कुणीतरी सोडली. अण्णांनी पावलं मोजली, कडं फिरवून छिद्र पूर्ण उघडं केलं, आणि मला म्हणाले, जा.

कापडाखाली अंधार, आणि त्यात चौकोनी उजेड. काचेवर आधी सगळं पुसट होतं. वर उंबरा, खाली आतला काळोख, मधे पांढरा ठिपका. मी किल्ली फिरवायला लागले. ठिपक्याला कड यायला लागली. डोक्यातली फुलं खाली लोंबलेली दिसली, मग कपाळासारखं काहीतरी, आणि त्याच्या वर एक काळी फट. ते उघडं तोंड आहे हे कळलं त्याच क्षणी मी डोळे मिटून घेतले. हात किल्लीवरच होता. मी ती थोडी पुढे फिरवली, थोडी मागे, नेहमी फिरवते तशी, कारण बाहेरून बघणाऱ्यांना हात हललेला दिसायला हवा होता. मग थांबवली. कुठे थांबली ते देवालाच माहीत.

‘पापण्या?’ अण्णांनी विचारलं. आज परीक्षेचा थाट नव्हता.

‘हो,’ मी म्हटलं.

अण्णांनी टोपी घातली, काच काढून स्लाइड बसवली, पत्रा ओढला, टोपीला हात घातला आणि सवयीने म्हणाले, ‘हलू नकोस हं, बाळ.’

काकी म्हणाल्या, ‘ता आता हलूचा नाय, मास्तर.’

अण्णांचा हात तसाच राहिला. मग त्यांनी टोपी काढली आणि आकडे म्हटले. माझ्या आठवणीत ते आकडे अजून संपलेले नाहीत.

घरी आल्यावर आईने मला दारातच उभं करून डोक्यावरून पाणी घातलं आणि मऊ भात कालवून दिला. दोन घास गेले आणि उलटी झाली. दुपारी अण्णा प्लेट धुवायला मोरीत बसले, तेव्हा मला जावंच लागलं, कारण प्लेटवर काय आलं ते सांगणारं दुसरं कोण होतं? लाल काचेच्या कंदिलाखाली मी ताटलीत वाकून बघत होते. काय दिसतं, अण्णांनी विचारलं. मी म्हटलं, मागची फळी आली आहे, तिच्यावर तांबे, पातेली, कळशी. स्पष्ट? हो, अगदी कडेपर्यंत. आणि पुढे? मी म्हटलं, पुढे पुसट आहे. चेहरा? मी ताटली त्यांच्यापुढे सरकवली. त्यांनी प्लेट उचलली, डोळ्यांजवळ नेली, नंतर बोटांत नुसतीच धरून ठेवली. पाणी त्यांच्या मनगटावरून कोपरापर्यंत गेलं. मला वाटलं आता ते विचारतील, आणि विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. निदान तसं मी आजवर स्वतःला सांगत आले आहे. त्यांनी विचारलं नाही. मग मीच म्हटलं, लांब कुठेतरी सुरुंग लागला असेल, त्याने कॅमेरा हलला असेल. अण्णा म्हणाले, ‘हललं तर सगळंच हलतं, कुसू. भांडी हललेली नाहीत.’

इथे थोडं थांबते. माझ्या घरी झोपलेल्या माणसाचा फोटो मी कुणाला काढू देत नाही. नातीने एकदा मी दुपारी आडवी झाले असताना फोनवर माझा फोटो काढला आणि मला दाखवला. मी तिच्या अंगावर ओरडले, इतकी की सूनबाई धावत आल्या. म्हातारीचं डोकं फिरलं असं त्यांना वाटलं असणार. त्यांना कसं सांगू? सांगायचं म्हणजे हे सगळंच सांगावं लागलं असतं.

तेराव्याच्या आदल्या दिवशी अण्णा फोटोची कॉपी घेऊन निघाले. माझ्या खांद्यावर हात ठेवून चालले, लोकांना वाटावं की लेकीला प्रेमाने धरलंय. चाळीत नातेवाईक जमलेले होते. काकींनी कागद दोन्ही हातांनी घेतला. उजेडात धरला, मग तिरपा केला, मग परत सरळ. मला त्यांचं तोंड बघवत नव्हतं तरी मी बघितलं. त्या दिवशी जिकडे बघायला हवं होतं तिकडे बघितलं नाही आणि इथे मात्र बघत राहिले.

‘भांडी दिसतत,’ काकी म्हणाल्या. ‘माझा तोंड ऱ्हवांदे. माझा चेडू खय आसा?’

अण्णा म्हणाले, ‘चूक माझी आहे. मला दिसत नाही.’

कुणाला अर्थ लागला नाही. अण्णांनी परत सांगितलं, माझी नजर गेली आहे, दोन वर्षं झाली, मी कुणाला कळू दिलं नाही. ताराचे वडील उठून उभे राहिले. ते मवाळ माणूस, पण त्यांचा आवाज फाटला. ‘दिसणा नाय तर इलास कित्याक?’ अण्णा हात जोडून उभे होते, आणि तेसुद्धा थोडे चुकीच्या दिशेला, ताराच्या वडिलांच्या उजवीकडे भिंतीला हात जोडलेले. मी त्यांच्या शेजारी उभी होते. माझं तोंड होतं, जीभ होती, आणि अण्णांना दिसत नसलं तरी मला दिसतं हे मला माहीत होतं. मी गप्प राहिले. भीती वाटली म्हणून गप्प राहिले, दुसरं कारण शोधत बसत नाही.

बातमी दोन दिवसांत गिरणीपासून स्टेशनापर्यंत गेली. आंधळा फोटोवाला. मुंज ठरलेल्या एका घरचे लोक आले आणि दारातूनच परत गेले. आईने खूप सांगितलं की कुसू बघते, कुसूला येतं, तुम्ही पुन्हा सुरू करा. लोक आठ दिवस बोलतात आणि विसरतात. अण्णा ऐकेनात. दिवाळीच्या आधी स्टुडिओ बंद झाला. पेटी, भिंग, तिपाई सगळं एक जण टांग्यात घालून घेऊन गेला आणि पुढच्या खोलीत शिलाईचं मशीन आलं. आईने पुढची पंधरा वर्षं त्यावर परकर-पोलकी शिवली. तिची पाठ कायमची वाकली. अण्णा खिडकीशी बसून तिला काजं करायला दोरा ओवून द्यायचा प्रयत्न करत, आणि आई ओवलेला दोरा गुपचूप काढून परत ओवायची. मी मॅट्रिक होऊन टेलिफोनमध्ये लागले. शिकवलेलं काही वाया जात नाही म्हणतात, पण कॅमेऱ्याच्या एकाही भागाला मी पुन्हा हात लावला नाही.

माझं लग्न ठरलं तेव्हा मला राहवेना. अण्णा खिडकीशी बसले होते, आई बाजारात गेली होती, मी तांदूळ निवडत होते. खाली मान घालूनच मी म्हटलं, ‘अण्णा, त्या दिवशी मी बघितलंच नव्हतं. डोळे मिटले होते.’

‘ठाऊक आहे,’ अण्णा म्हणाले. ‘भांडी स्पष्ट आली म्हणालीस तेव्हाच कळलं. फोकस मागे गेला होता.’

मग मला बोलला का नाहीत, मी विचारलं. पुन्हा धंदा का नाही केला? ते म्हणाले, ‘माझी लाज झाकायला मी तेरा वर्षांच्या पोरीला तिच्या मेलेल्या मैत्रिणीच्या पापण्या बघायला पाठवलं. चूक माझी म्हणालो ते काही तुला वाचवायला नव्हतं. आणि परत कापडाखाली घातलं असतं तर तू पुन्हा गेली असतीस.’ मी रडले. ते माझ्या डोक्यावर हात ठेवायला आले, तो आधी माझ्या खांद्याला लागला, मग त्यांनी चाचपत डोकं शोधलं.

अण्णांपुरतं मिटलं, पण काकींच्या दृष्टीने काहीच मिटलं नव्हतं. आंधळ्याने माझ्या लेकीचं तोंड नेलं, असं त्या वर्षानुवर्षं नळावर बोलत आल्या होत्या, आणि आई ते ऐकून खाली मान घालून हंडा उचलत आली होती. अण्णा गेले, त्यांच्या मयतीला चाळीतून फक्त काकींच्या घरचं कुणी आलं नाही. तेव्हा मी ठरवलं की आता जाऊन सांगायचं. मुलुंडहून, सासरहून आले, आईला न सांगता थेट चाळीत गेले. काकी एकट्याच होत्या. म्हाताऱ्या झाल्या होत्या. मला ओळखलं, बस म्हणाल्या, चहा टाकला. फळीवर भांडी तीच होती. मी मनाशी शब्द जुळवत होते: काकी, अण्णांची चूक नव्हती.

मी तोंड उघडायच्या आत त्याच म्हणाल्या, ‘बरा झाला इलंस. तुका एक इचारूचा होता.’ मग त्यांनी कपबशी माझ्यापुढे ठेवली. ‘पयली डोळे मिटलंय काय तारा दिसायचा. आता येणा नाय. आवाज येता, तोंड येणा नाय. फोटोत बघूक गेलंय तर थय काय नाय.’ त्यांनी माझा हात धरला. ‘तू कापडाखाली होतंस गो. तुका सगळ्यांपेक्षा जवळसून दिसला आसतला. कसा होता माझ्या चेडवाचा तोंड?’

मी बघितलं नव्हतं हेच सांगायला मी आले होते. ते एक वाक्य बोलले असते तर अण्णांवरचा डाग पुसला असता. काकींची बोटं माझ्या मनगटावर होती, आणि त्या माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होत्या.

‘शांत होतं, काकी,’ मी म्हटलं. ‘झोपल्यासारखं. पापण्या अगदी एकेक दिसत होत्या.’

त्यांनी मान हलवली. मग त्यांनी कपाळाचं विचारलं, मी कपाळ सांगितलं. गालावर खळी पडायची ती दिसत होती का, असं विचारलं. मी म्हटलं, दिसत होती. मग त्यांनी ओठांचं विचारलं. मी ओठही सांगितले. त्या डोळे मिटून ऐकत होत्या, आणि मी न पाहिलेलं एकेक सांगत होते. अण्णांचं नाव मी काढलं नाही.

उठताना त्यांनी माझ्या तोंडावरून हात फिरवला. ‘तुझो बापूस आंधळो होतो,’ त्या म्हणाल्या, ‘पण तुझे डोळे बरे आसत.’

मी हो म्हणाले, आणि दारात येऊन चपला घातल्या.